पूजेतलं चाक

आमच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला जागा दाखवायला नेलं, तेव्हा आधी स्वयंपाकघर दाखवलं नाही, बाथरूम दाखवलं नाही, गॅलरीही दाखवली नाही. त्यांनी नेलं ते थेट पायरीशेजारच्या एका खड्ड्यापाशी. पायाच्या अंगठ्यानं लोखंडी झाकण बाजूला सारलं आणि आत बोट दाखवून म्हणाल्या, "हे माझं बारं. याला कुणी हात लावायचा नाय. बाकी घर तुमचं."

मी वाकून पाहिलं. महापालिकेच्या पाण्याच्या पाइपवर एक मोठा व्हॉल्व्ह होता, आणि त्याच्या पुढे चार लहान व्हॉल्व्ह ओळीनं बसवलेले होते, एकेका घराचा एकेक. मोठ्या व्हॉल्व्हला फिरवायचं चाक असतं तिथं मात्र नुसता दांडा उभा होता.

"याचं चाक कुठंय?" मी विचारलं.

त्यांनी पदर थोडा सरकवला. कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, सुतळीनं बांधलेलं एक तळहाताएवढं चाक लटकत होतं. लाल रंग उडालेला, कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या.

"हितं," त्या म्हणाल्या.

आमचे हे माझ्या कानात पुटपुटले, "दुसरी जागा बघू या." मी त्याच क्षणी ठरवलं होतं की जागा हीच. मी अंबडच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. कोणती वस्तू कुठे आहे हे ज्या माणसाला न शोधता सांगता येतं, त्या माणसावर माझा विश्वास बसतो. इथे तर वस्तू कमरेलाच होती.

नाशिकच्या इंदिरानगरात तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या दशकात, एकाआड एक बिल्डिंग आणि मळा असं चित्र होतं. एका गॅलरीत कपडे वाळत असायचे आणि शेजारी झेंडू फुललेला असायचा. मावशींचं घराणं फुलांच्या मळेवाल्यांचं. (सगळे भाडेकरू त्यांना मावशीच म्हणायचे.) मळा हळूहळू विकला गेला, एका भागावर मुलांनी ही बिल्डिंग बांधली, आणि मागच्या बाजूला एक तुकडा उरला. त्यात मावशी दसऱ्यासाठी झेंडू आणि दिवाळीसाठी शेवंती लावायच्या. बाकी सगळी शेती गेली तरी त्यांच्या बोलण्यातून ती गेली नव्हती. शेतात पाणी देताना एका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि दुसऱ्याचं फोडायचं, याला त्या बारं धरणं म्हणत. बिल्डिंगमध्ये त्या तेच करत होत्या, फक्त वाफ्यांच्या जागी आम्ही होतो.

हे मी गमतीनं लिहीत नाही. त्या आम्हाला खरोखरच वाफा म्हणायच्या. तळमजल्यावर त्या स्वतः, तो पहिला वाफा. पहिल्या मजल्यावर बँकेतले एक काटेकोर गृहस्थ, त्यांची बायको आणि मुलगी, दुसरा वाफा. त्यांच्यासमोर आम्ही, तिसरा. वरच्या मजल्यावर अंबडला नोकरी करणारे दोन बिनलग्नाचे मुलगे, चौथा. सकाळी पाणी आलं की मावशी खड्ड्याशी उकिडव्या बसायच्या आणि एकेक लहान व्हॉल्व्ह उघडत, बंद करत हाका मारायच्या.

"दुसरा वाफा, भरला का?"

"थोडं राहिलंय, मावशी," बँकवाले वरून म्हणायचे.

"थोडं म्हंजी बादलीचं का टिपाचं?"

"दोन बादल्या."

"मग तांब्यानं आंघोळ करा. तिसरा वाफा, सोडते गं."

मी पटकन नळाखाली हंडा सरकवायचे. त्यांना माझी याद्या करायची सवय कळायला आठवडासुद्धा लागला नाही. फ्रिजवर किराण्याची, कपाटाच्या दारावर कामांची, पर्समध्ये फोन करायच्या माणसांची. एकदा त्या घरात आल्या, भिंतीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एवढं लिवून ठेवायचं म्हंजी डोकं भाड्यानं दिलंस का काय?" तेव्हापासून मी यादीवाली. हाक मारताना "यादीवाले", ओळख करून देताना "आमची यादीवाली". मला ते नाव आवडायचं. मी तसं कधी सांगितलं नाही.

पाणी वाटण्याची त्यांची पद्धत अन्यायाची नव्हती. कुणाकडे पाहुणे आले, कुणाकडे आजारपण आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे, हे त्या आदल्या दिवशी विचारून घ्यायच्या. "वाफ्यात काय लावलंय तसं पाणी," असं त्यांचं म्हणणं. वरच्या मुलांनी एकदा तक्रार केली की आम्हाला कमी मिळतं. मावशी जिना चढून वर गेल्या, त्यांच्या बाथरूममध्ये डोकावल्या आणि खाली येऊन जाहीर केलं, "चौथ्या वाफ्यात नुसतं गवत हाय. त्याला दव पुरतं."

त्यांचं एक वाक्य तर आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. पाणी आडवता येत नाय, वळवता येतं. हे त्या पाण्याबद्दल बोलायच्याच, पण माणसांबद्दलही बोलायच्या. बँकवाल्यांच्या मुलीला चित्रकलेचं शिक्षण घ्यायचं होतं आणि त्यांना ते मान्य नव्हतं. घरात अबोला. मावशींनी पाण्याच्या वेळी खालूनच आवाज दिला, "अहो दुसरा वाफा, पोरीला आडवू नका. फुटंल तिकडून. पार मुंबईला जाती म्हनत असंल तर नाशकातच कॉलेज बघा की." त्यांनी बघितलं. मुलगी राहिली, चित्रंही राहिली.

आता त्या मोठ्या व्हॉल्व्हविषयी.

त्याचं खरं दुखणं मावशीच होत्या. शेतात पाट पूर्ण सोडला तर वाफा फुटतो, म्हणून पाणी अर्धं सोडायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं. त्यामुळे मोठा व्हॉल्व्ह त्या कायम अर्धा उघडा ठेवत. चाकानं रोज जरा इकडे, जरा तिकडे, एवढंच; पूर्ण उघडणं नाही, पूर्ण बंद करणं नाही. आणि अर्ध्यावर ठेवलेला तो व्हॉल्व्ह पाणी आलं की गुरगुरायचा. आधी मांजरासारखा, मग वर्षागणिक मोठ्या जनावरासारखा. आमच्या स्वयंपाकघरातल्या पाइपापर्यंत तो आवाज यायचा. पाहुणे विचारायचे, खाली गिरणी आहे का?

आमचा नेहमीचा प्लंबर दर खेपेला सांगायचा, "मावशी, हा व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा ठेवा, नाही तर पूर्ण बंद. आत एक पत्रा असतो, तो पाण्याच्या मध्ये अर्धा लोंबकळत राहतो आणि थरथरतो. आटे झिजतात, पुढचे सांधे ढिले होतात. बदलून टाकू."

"बोलतंय ते पाणी," मावशी म्हणायच्या. "बोलनाऱ्याचं तोंड कशाला दाबायचं?"

"मावशी, ते बोलत नाहीये. ते ओरडतंय."

"मग ऐक की जरा. तुला चहा टाकते."

प्लंबर चहा पिऊन जायचा. व्हॉल्व्ह तसाच. मीही माझ्या कामांच्या यादीत 'मोठा व्हॉल्व्ह, मावशींशी बोलणे' असं लिहायचे. दर यादीत ते शेवटी यायचं आणि पुढच्या यादीत जायचं.

दुसरी एक विचित्र गोष्ट अंगणात होती. थोरल्या मुलानं हौसेनं अंगणाला टाइल्स घातल्या होत्या. थोरल्याचं अंबडला लहानसं वर्कशॉप होतं आणि तो दुसरीकडे फ्लॅटमध्ये राहायचा. टाइल्स छान होत्या, पण गवंड्यानं उतार चुकवला आणि तो घराच्या उंबऱ्याकडे गेला. मावशी दर पावसाळ्यात त्यावरून त्याला टोचायच्या. मात्र बिल्डिंगच्या भिंतीला लागून एक पट्टा त्यांनी टाइल्सचा होऊ दिला नव्हता. तिथं शहाबादी फरशा नुसत्या टेकवलेल्या होत्या, सिमेंट न लावता. त्यांच्यावरून चाललं की पोकळ वाजायचं. थोरला म्हणायचा, आई, लोक अडखळतील, पक्क्या करून घेऊ. मावशी म्हणायच्या, "अडखळू दे. खाली बघून चालतील." दिवाळी झाली की त्या एकट्याच पहारीनं एकेक फरशी उचलायच्या, खाली काहीतरी खरवडायच्या आणि परत ठेवायच्या. आम्ही समजायचो, उंदीर असतील.

पुढचं आधी सांगून टाकते. तो व्हॉल्व्ह शेवटी बदलला गेला. नवीन आला तो दांड्याचा, एका झटक्यात उघडणारा आणि एका झटक्यात मिटणारा. मावशींनी तो एकदा उघडला, एकदा मिटला आणि तोंड वाकडं केलं. "याला अर्धं कळत नाय." तरी वापरला. जुनं चाक मात्र कमरेला तसंच राहिलं, कशालाच न लागणारं. दोन हजार सालानंतर आम्ही पाथर्डी फाट्याकडे स्वतःचा फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला मावशी आल्या. देवाला नमस्कार करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बारं कुठं हाय?" मी त्यांना डक्टमधला व्हॉल्व्ह दाखवला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा उघडून मिटवून घेतला, आणि मगच जेवायला बसल्या.

आता ती सकाळ. जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

मागच्या तुकड्यावरून मुलांचं आणि त्यांचं बरीच वर्षं चाललं होतं. मुलांना तिथं दुसरी बिल्डिंग हवी होती. त्यांचंही चुकत नव्हतं. आजूबाजूचे सगळे मळे बिल्डिंगा झाले होते आणि एकटी बाई तिथं उन्हात खुरपत बसते, याची त्यांना काळजीही वाटायची. शेवटी आम्हा भाडेकरूंच्या देखत, अंगणात, एक बोलणं ठरलं. मावशींनीच ठरवलं. "ज्या दसऱ्याला माझी फुलं बाजारात जानार नाय, त्या दसऱ्याला तुकडा तुमचा. तवर माझा." थोरला म्हणाला, "कबूल." मावशींचा शब्द दगडावरची रेघ, हे तोही जाणून होता आणि आम्हीही.

त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि झेंडू उशिरा धरला होता. तरी खंडेनवमीच्या पहाटे मावशींनी सगळं फूल तोडलं. पुढच्या खोलीत जमिनीवर पोती अंथरून त्यावर पिवळ्या आणि केशरी फुलांचे ढीग लावले. टेंपो सकाळीच येणार होता. तोडलेल्या झेंडूत पाणी शिरलं तर तो काळा पडतो, ढिगाच्या आतून कुजायला लागतो आणि बाजारात कुणी त्याला हात लावत नाही. म्हणून दारातली पाण्याची बादलीसुद्धा त्यांनी लांब सरकवली होती.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आमच्या कंपनीतही मशीन धुऊन पुसून, हार घालून बंद ठेवतात. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. आमच्या स्टोअरची पूजा दुपारी होती, म्हणून मी सकाळी बाजाराची यादी घेऊन खाली उतरले. मावशींच्या खोलीत फुलांच्या ढिगाशेजारी पाट मांडला होता. त्यावर फावडं, पहार, विळा, खुरपं, तराजू, सगळं धुऊन हळदीकुंकू लावलेलं. आणि मधोमध, सगळ्यात मोठं फूल डोक्यावर घेऊन, ते व्हॉल्व्हचं चाक.

"हे पण?" मी म्हटलं.

"बारा महिने राबतंय. एक दिवस बसू दे की त्याला."

"आणि पाणी आलं तर?"

"बारं अर्धं उघडंच हाय. आज सगळ्यांचे व्हॉल सोडून ठेवलेत. सन हाय, घ्या म्हनलं पाहिजे तेवढं."

तेवढ्यात थोरला आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पॉलिशचे बूट. वर्कशॉपच्या पूजेला जाता जाता आला होता.

"आई, टेंपो नाही आला?"

"येईल. तू टेपवाल्याला आनलास का?"

तो जरा चपापला. "बिल्डरचा माणूस मागून येतोय. नुसतं मोजून ठेवणार आहे. मोजल्यानं काय जागा जात नाही, आई."

"माप घेतल्यावर कापड कापतातच," मावशी म्हणाल्या आणि फुलांवर पोतं सारखं करायला लागल्या.

त्याच वेळी पाणी आलं. नेहमीची गुरगुर सुरू झाली. पण ती थांबेना, वाढतच गेली. झाकण खडखडायला लागलं. आम्ही तिघंही खड्ड्याकडे बघत राहिलो. मग एक दणका बसला, झाकण उडून टाइल्सवर आपटलं आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या पुढचा सांधा निसटून पाण्याचा खांब उभा राहिला. तो पायरीवर कोसळला आणि त्या चुकलेल्या उतारानं सरळ उंबऱ्याकडे वाहायला लागला. उंबऱ्याच्या आत सगळा दसरा अंथरलेला.

मावशींचा हात कमरेला गेला. कमरेला चाक नव्हतं.

त्या पूजेच्या पाटाकडे वळल्या आणि थांबल्या. मी त्यांना त्याआधी कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. थोरला म्हणाला, "आई, राहू दे, मी पक्कड बघतो कुणाकडे."

"आज कुनाकडं मिळंल?" मावशींनी चाकाला हात जोडले. "हत्यार देव हाय ना? मग देवानंच धावायचं." आणि फूल काढून चाक उचललं.

त्या त्या फवाऱ्यात वाकल्या, चाक दांड्यावर बसवलं आणि फिरवलं. चाक फिरलं. फिरतच राहिलं. लहान मुलांच्या भिरभिऱ्यासारखं, काही न धरता, काही न सोडता. आतले आटे संपले होते. पत्रा होता तिथेच, अर्ध्यावर, अडकून बसला होता. इतकी वर्षं ज्याला अर्धंच शिकवलं, त्याला ऐन वेळी पूर्ण मिटता आलं नाही.

पाणी पायरी ओलांडून उंबऱ्याला टेकलं.

मावशी उभ्या राहिल्या. नऊवारी अंगाला चिकटलेली, कुंकू ओघळलेलं. आवाज मात्र रोजच्या सकाळचा. "आडवायचं सोडा. वळवा. यादीवाले, फुलं तुझी. वर काढ सगळी. आनि तू," थोरल्याला, "मागं जा. शेवंतीचं बारं धर."

"मागे? पाणी मागे कसं जाणार?"

"जाईल. मी धाडते. तू धर."

"आई, माझे बूट..."

"बूट काढ."

मी जिन्यात उभी राहून वरच्या तिन्ही घरांना हाका मारल्या. यादीचा कागद उलटा करायलाही वेळ नव्हता. डोक्यातच वाटणी केली. केशरी फुलं वरच्या मुलांकडे, कारण त्यांच्या घरात सामान नव्हतं, नुसती जमीन होती. पिवळी आमच्याकडे. उरलेली बँकवाल्यांकडे. चादरी आणा, पोती भरू नका, फुलं दाबली जातील, चादरीचे चार कोपरे धरा. आमचे हे आणि वरची मुलं जिन्यात साखळी करून उभे राहिले. बँकवाल्यांनी दारात येऊन विचारलं, "किती वेळ ठेवायची?" आणि उत्तर मिळायच्या आत त्यांच्या डबल बेडवर, कधी सुरकुती न पडणाऱ्या त्या पलंगपोसावर, झेंडूचा डोंगर झाला होता. त्यांनी एक क्षण डोळे मिटले. मग बाह्या सरसावून खाली धावले.

मी प्लंबरला आधीच फोन केला होता. तो सायकलवरून आला, धापा टाकत, दोन्ही हात रिकामे.

"पाने कुठेत?" मी विचारलं.

"पूजेत आहेत, मॅडम. आई हात लावू देत नाही."

अंगणातून मावशींचा आवाज आला, "हात तरी आनलेस ना? मग चादर धर."

धरली. आणि चादर वर पोचवताना तो खड्ड्याकडे बघून एकदाच म्हणाला, "मी म्हटलं होतं." तो खरंच बरोबर होता.

बाहेर मावशींनी शेणखताची पोती ओढत आणून उंबऱ्याच्या आडवी लावली, खड्ड्यापासून भिंतीपर्यंत तिरकी. पाणी पोत्यांना धडकलं, फुगलं, वाट शोधायला लागलं. मग त्यांनी पूजेतली पहार घेतली, हळदीच्या बोटांसकट, आणि भिंतीकडेची पहिली शहाबादी फरशी उचकटली. मग दुसरी. खाली पाट होता. खरा, मातीचा, जुन्या मळ्यातला पाट, बिल्डिंग बांधताना त्यांनी बुजवू न दिलेला, दर दिवाळीनंतर खरवडून साफ ठेवलेला. आमच्या पोकळ वाजणाऱ्या फरश्यांखाली इतकी वर्षं एक शेत वाट बघत होतं.

पोत्यांमागं तुंबलेलं पाणी एकदम त्यात उतरलं. गढूळ, फेसाळ, घाईघाईनं. मी जिन्यातून तो आवाज ऐकला. उंबऱ्याकडची धार बारीक झाली, थेंबांवर आली आणि थांबली. खोलीत पाणी शिरलं होतं ते दाराजवळच्या दोन पोत्यांपुरतं. तेवढी फुलं आम्ही झटकून वेगळी काढली. संध्याकाळी चारही घरांच्या दारांवर त्यांचीच तोरणं लागली.

फुलं वर पोचली तशी मी आमच्या मागच्या गॅलरीत धावले. बाकीचेही तिथंच येऊन उभे राहिले होते. खाली शेवंतीच्या वाफ्यांत थोरला उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पांढऱ्या शर्टावर चिखलाची नक्षी, हातात फावडं. मावशींनी ते पूजेतून काढून भिंतीच्या कडेनं त्याच्याकडे फेकलं होतं. पाणी भिंतीच्या टोकाशी उसळून आलं, तेव्हा तो एक क्षण गोंधळला. मग काहीतरी झालं. त्याचे हात आपोआप चालायला लागले. एका वाफ्याचं तोंड फोडलं, पाणी आत घेतलं, वाफा भरत आला तशी टाचेनं माती सरकवून तोंड बुजवलं, आणि फावड्याच्या एकाच घावात पुढचं फोडलं. वर्कशॉपचा मालक, मोबाइल फोन घेणारा आमच्या ओळखीतला पहिला माणूस. तो टाचेनं बारं धरत होता, आणि वर बघतही नव्हता.

मावशी भिंतीला वळसा घालून आल्या, ओल्या, चाक हातात. लांबच उभ्या राहिल्या.

थोरलाच बोलला. पाठमोरा, चिडलेला. "आई, हा पाट इथं गाळानं चढलाय. पाणी मागं येतंय."

"चढलाय तर खरवड की."

"किती वर्षं असाच ठेवलाय? हे काय पाणी देणं झालं? शेवटच्या वाफ्याला काय पोचत असेल?"

"नाय पोचत. एकटीच्यानं होत नाय."

तो खरवडायला लागला.

पुढे टेंपोचा हॉर्न वाजला. आम्ही पुन्हा साखळी केली, या वेळी वरून खाली, आणि फुलं मोकळ्या कोरड्या हौद्यात भरली गेली. टेंपो बाजाराकडे निघाला. मी हात झटकले आणि माझी बाजाराची यादी शोधली. ती चहात बुडवलेल्या पावासारखी भिजली होती. प्लंबर पायरीवर बसून चहा पीत होता. पाणी जायच्या वेळेला आपसूक गेलं, खड्ड्यातला खांब खाली बसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बिल्डिंग गुरगुरायची थांबली.

तेव्हा फाटकातून एक माणूस आत आला. हातात मोठी टेप, काखेत फाइल. अंगणात विस्कटलेल्या फरश्या, पोती, चिखल बघत तो जपून पाय टाकत मागच्या बाजूला गेला. मी जिना चढून पुन्हा मागच्या गॅलरीत गेले.

"साहेब आहेत का?" त्यानं चिखलातल्या माणसाला विचारलं.

थोरल्यानं मान वर केली. मावशी शेजारच्या बांधावर बसल्या होत्या, चाक मांडीवर. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. शेवंतीची एक मुळी उघडी पडली होती, तिच्यावर माती ओढत होत्या.

"मीच साहेब," थोरला म्हणाला.

"मोजायला आलो होतो. टेप लावू का?"

थोरल्यानं फावडं जमिनीत रोवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "आज खंडेनवमी आहे. आज हत्याराला हात लावत नाहीत. टेप खिशात ठेवा."

मग फावडं उपसलं आणि शेवटचा वाफा फोडला.